केशरबाईंचे पाहुणे

एखाद्या माणसाला निवडणुकीतून उठवायचं तर चार दांडगट लागतात, धाकदपटशा लागतो, निदान एक भरदार मिशी तरी लागते, असा माझा समज होता. एकसष्ट-बासष्टच्या सुमारास यांतलं काहीही नसताना मी ते काम सव्वा रकान्यात करून दाखवलं. म्हणजे जवळजवळ करून दाखवलं. उरलेली गोष्ट त्या 'जवळजवळ'ची आहे.

मी तेव्हा अमरावतीच्या एका साप्ताहिकात होतो. बातमीदार मीच, मुद्रितं तपासणारा मीच, संपादक जेवायला गेले की संपादकही मीच. एका सोमवारच्या अंकात मी 'वऱ्हाडातील एक आगळा पाहुणचार' या मथळ्याचा लेख मोठ्या प्रेमानं लिहिला. लेखात केशरबाई नावाच्या बाईंचं तोंडभरून कौतुक होतं आणि शेवटी, वाचकांच्या सोयीसाठी, त्यांच्या सव्वीस पाहुण्यांची नावं गावांसकट चौकटीत दिली होती. सोय झालीही. फक्त ती वाचकांपेक्षा वडझिरीच्या रामराव पाटलांची जास्त झाली.

केशरबाई अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसातला कचरा वेचायच्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, कमरेला पानाची चंची. मशीनच्या घरघरीवर मात करत वीस वर्षं बोलल्यामुळे त्यांचं कानगोष्ट करणंसुद्धा तीन घरं पलीकडे ऐकू जाई. गुपित सांगायचं असलं की त्या माणसाला गावाबाहेर शेतात नेत.

त्यांच्या पाहुण्यांची सुरुवात सत्तावन्न साली झाली. आदल्या वर्षी सगळ्या घरानं दीक्षा घेतली होती आणि त्यांचा भाऊ पुंजाजी याच्या अंगात नवं बळ आलं होतं. त्यानं गावच्या सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू देत नाहीत अशी फिर्याद दिली. तिसऱ्या दिवशी त्याला भर चौकात मारलं. चौकशीला माणूस आला तेव्हा गावातल्या एकालाही काही दिसलेलं नव्हतं. दुसरा कोणी असता तर रडला असता किंवा भांडला असता. केशरबाईंनी त्याऐवजी विचार केला. फिर्याद दिल्यावर पहिले दोन दिवस पुंजाजीच्या अंगाला कोणी हात लावला नव्हता. का नव्हता? तर त्या दोन दिवसांत चांदूर रेल्वेचा मोतीराम, त्यांचा एक लांबचा दीर, पाहुणा म्हणून येऊन ओसरीवर बसला होता. तो गाडीला गेला आणि मार पडला. गावच्या माणसाचं तोंड गाव बंद करू शकतं. पाहुणा आपलं तोंड घेऊन आपल्या गावी जातो.

मग केशरबाईंनी पाहुणे पाठवायला सुरुवात केली. कुठे कोणी विहिरीसाठी अर्ज केला, कोणी मजुरीच्या तक्रारीत साक्ष द्यायला उभा राहिला, कोणी पंचायतीच्या निवडणुकीत फॉर्म भरला, की त्याच्या घरी दुसऱ्या तालुक्यातले दोघं-तिघं पाहुणे हजर. नियम त्यांनीच घालून दिलेले. पाहुण्यानं पीठमीठ आपलं आणायचं, कारण त्या घराला गावात मीठ मिळेलच असं नाही. घरमालक जिथं जाईल तिथं आपण जायचं. नदीवर, शेतात, कचेरीत. भांडायचं नाही. कोणी विचारलं तर राम राम करून आपल्या गावचं नाव सांगायचं. आणि परत गेल्यावर उघडं पोस्टकार्ड टाकायचं: सुखरूप पोचलो, तुमची तब्येत कळवा, पुढच्या बुधवारी कोणीतरी येतो. उघडं कार्ड मालकाच्या हाती पडायच्या आधी निम्म्या गावानं वाचलेलं असतं, हे केशरबाईंना पक्कं ठाऊक. त्यांचा त्यावरच भरवसा होता.

वरूडचे नत्थुजी त्यांच्याकडे वेगळ्याच वाटेनं आले. जिन बंद असताना संत्र्याच्या तोडणीला केशरबाई बायकांची टोळी घेऊन त्यांच्या बागेत गेल्या होत्या. पहिल्या दिवशी दुपारच्या सुटीवरून दोघं कडाकडा भांडले आणि हंगाम संपेपर्यंत नत्थुजी त्यांचे पाहुणे होऊन मोर्शीकडच्या एका घरी जाऊन बसले. जुन्या कुणबी घराण्यातला बागायतदार माणूस. भावकीत खळबळ झाली. पण ते म्हणत, ही बाई भांडते खरी. पण भांडण जिथल्या तिथं ठेवते, घरी नेत नाही.

पाच वर्षांत असे पाहुणे अमरावती आणि अकोला दोन्ही जिल्ह्यांत झाले. त्यांची यादी केशरबाईंच्या डोक्यात होती आणि फक्त डोक्यात होती. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला रीतसर शेतात नेऊन ती सांगितली, आणि वर म्हणाल्या, "लिहू नोका." मी लिहिलं नाही. अकोल्याच्या फलाटावर बसून, माझ्या स्मरणशक्तीचं मलाच कौतुक वाटत, सव्वीसच्या सव्वीस नावं आठवून काढली. 'लिहू नका' म्हणाल्या होत्या, 'छापू नका' म्हणाल्या नव्हत्या, असा एक मुद्दा मी पुढे बरेच दिवस मनातल्या मनात मांडून पाहिला. तो मला स्वतःलाही पटला नाही.

वडझिरी हे बार्शीटाकळीजवळचं खेडं. तिथे श्रावण नावाच्या तरुणानं त्या वर्षी ग्रामपंचायतीचा फॉर्म भरला होता. तोही रामराव पाटलांच्या विरोधात. रामराव दर वेळी बिनविरोध निवडून येत आणि त्याचा त्यांना मनापासून अभिमान होता. आमच्या गावात एकी आहे, म्हणत. माणूस आवाज चढवणारा नव्हता. गावची पीठगिरणी त्यांची, किराण्याचं दुकान चुलतभावाचं. आवाज चढवायची गरजच काय? श्रावणनं फॉर्म भरल्यापासून गिरणीचा पट्टा तुटायला लागला. तो फक्त श्रावणचं दळण आलं की तुटे. पण श्रावणकडे आळीपाळीनं पाहुणे होते, पाहुण्यांकडे पीठ होतं, आणि हे नवेनवे लोक कोण, कोणाचे कोण, यांच्या मागं कोण, हे गावाला कळत नव्हतं. न कळणाऱ्या माणसाला हात कसा लावायचा?

ते सगळं माझ्या चौकटीत कळलं.

सोमवारी अंक निघाला आणि रामरावांची पत्रं कोणाच्या मालकाकडे, कोणाच्या भावकीकडे गेली. गुरुवारपर्यंत मोतीरामला चांदूरच्या जिनात सांगितलं, उद्यापासून येऊ नको. नत्थुजींना भावकीनं लग्नाची बोलावणी बंद केली. आणखी दोघांना घरून निरोप गेले, तसे ते ओशाळून श्रावणच्या ओसरीवरून उठले. शुक्रवारी तिथे कोणी नव्हतं. फॉर्म मागे घ्यायची मुदत मंगळवारी दुपारी तीनपर्यंत होती.

त्याच शुक्रवारी मी केशरबाईंची माफी मागायला निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलताना मी तोंडी भाषण तयार केलं. त्यात 'अक्षम्य' हा शब्द दोनदा आणि 'प्रायश्चित्त' एकदा होता. जिनाच्या फाटकाशी बाई भेटल्या. मी 'अक्षम्य'पर्यंत पोचलो होतो.

"पीठ आनलं काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कसलं पीठ?

"ओसरी रिकामी पडेल हाये. भाषन काय श्रावणले वाढू?"

घरात नेऊन त्यांनी मला पायलीभर ज्वारीचं पीठ आणि मिठाची पुरचुंडी बांधून दिली, आणि त्याच पावली रजा सांगून स्वतःही निघाल्या. हंगामाचे दिवस होते; जिनात एक दिवस चुकला की जागेवर दुसरी बाई बसते. त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. वाटेत एकूणच बोलल्या नाहीत. केशरबाई गप्प बसणं ही किती मोठी शिक्षा आहे हे ज्यानं भोगलं त्यालाच माहीत.

असा मी वडझिरीला संरक्षक म्हणून दाखल झालो. चष्मा, छत्री, आणि तिखटानं डोळ्यांतून पाणी. श्रावणची बायको शालू हिनं ठेचा वाढला तेव्हा मी इतका ठसकलो की शेजारची म्हातारी बघायला आली. श्रावण नदीवर निघाला की मी मागून छत्री घेऊन. लोक त्याच्यापेक्षा माझ्याकडे बघत. नियमात हे बसतं, असं केशरबाई म्हणाल्या. अकोला सुटल्यापासूनचं त्यांचं ते पहिलं वाक्य.

शनिवारी सकाळी स्वतः रामराव आले. स्वच्छ धोतर, हातात काठी, आवाज मऊ. ओसरीखाली उभे राहून त्यांनी रीतसर विचारलं, कोन्या गावचे पाव्हणे? मी अमरावतीचं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

"पेपरवाले तुमीच काय? लई उपकार केले जी. तपासाचे आमचे पाच महिने वाचले. आमच्या जावयाचंबी नाव छापलं, बरं केलं. नाईतं नत्थुजी कुठी कुठी बसते हे आमाले कधी समजाव?"

तेव्हा मला कळलं की रामरावांची सख्खी बहीण आशाबाई वरूडला नत्थुजींनाच दिलेली आहे. आयुष्यात माझ्या लेखनाचं इतकं मनापासून कौतुक कोणी केलं नाही, आणि ते ऐकताना धरणीनं पोटात घ्यावं असंही पुन्हा कधी वाटलं नाही. रामराव जाता जाता श्रावणला म्हणाले, मंगळवारी सकाळी आपली दमणी, बसायची हलकी गाडी, पाठवतो, कचेरीत साध्या बैलगाडीच्या धक्क्यांनी कशाला जातोस. फॉर्म मागे घ्यायला माणूस आरामात गेला पाहिजे.

ते गेल्यावर श्रावण पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. मग केशरबाईंना म्हणाला, जातो मी मंगळवारी. मार खायला तो भीत नव्हता. पण मोतीरामच्या घरची चूल त्याच्यामुळे विझली होती. "माह्या फॉर्मासाठी दुसऱ्याचं घर काहून जाळू, आत्याबाई? मले नाई होत." शालूनं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. तिच्या मनातही तेच असावं.

केशरबाईंनी चंची सोडली, पान जमवलं, आणि मला विचारलं, "तुमच्या पेपरात नावं किती मावतात?"

मी म्हटलं, चौकटीत सव्वीस मावली.

"चौकट नोको. आख्खा पेपर."

मग त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्या आवाजासकट लिहू शकत नाही. मतलब असा: सव्वीस माणसं दाबता येतात, प्रत्येकाचा मालक सापडतो, प्रत्येकाची भावकी सापडते. आता लपलेलं उघडं पडलंच आहे तर पुरतं उघडं करू. जो कधी पाहुणा म्हणून गेला तो, ज्याच्याकडे पाहुणे आले तो, आणि पुढं जाईन म्हणतो तोही. सगळ्यांची नावं, सगळ्यांची गावं. रामराव कोणाकोणाच्या मालकाला पत्र लिहिणार? हात दुखून येईल. श्रावणला त्यांनी एवढंच सांगितलं, की मोतीरामच्या चुलीची काळजी मोतीरामला विचारल्याशिवाय करू नको. आणि मंगळवारी दमणी येईपर्यंत काही ठरवू नको.

मी लगोलग अमरावतीला पळालो. संपादक भित्रे होते. पण त्यांना दर रविवारी पोटदुखी असे आणि त्या रविवारी मी ती वाढू दिली. केशरबाईंनी कोणाकरवी कुठं कुठं निरोप धाडले कोण जाणे. छापखान्यात माणसं यायला लागली. चांदूरहून, मूर्तिजापूरहून, दर्यापूरकडून. कोणी हातावर नावं लिहून आणलेली. कोणी पाहुण्यासारखं पीठही आणलेलं. ते परत न्या म्हटलं तर रागावत. मोतीरामनं येणाऱ्याच्या हाती कार्ड पाठवलं: 'माझे नाव पुन्हा घालावे, मागल्या वेळी बारीक टायपात होते.' आणि तसंच हातोहात आलेलं एक कार्ड बायकी, वळणदार अक्षरात: 'आशाबाई, वरूड. माहेर वडझिरी. मी पाहुणी म्हणून जाणार आहे. नाव घालावे.' ते मी दोनदा वाचलं आणि खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला म्हटलं, यातलं एक अक्षर बदलू नको.

यादीच्या वर मी लिहिलं होतं, 'आमच्या बातमीदाराकडून'. केशरबाईंचा माणूस रविवारी कच्चा छाप बघायला आला होता. तो म्हणाला, बाईंनी विचारायला सांगितलं आहे की पहिलं नाव कोणाचं. मी 'आमचा बातमीदार' दाखवला. हा कोण्या गावचा, कोणाचा कोण, त्यानं शांतपणे विचारलं. मी पाच मिनिटं उगाच खिळे इकडचे तिकडे केले. नोकरी डोळ्यांसमोर दिसत होती. मग 'आमचा बातमीदार' काढला आणि तिथे माझं नाव, वडिलांचं नाव, आणि राहणार अंबागेटच्या आत, असं सगळं घातलं. त्याखाली तीनशे बारा नावं होती. एकेचाळीस गावं.

मंगळवारी सकाळी अकोल्याहून मोटारीत बसलो तो गठ्ठा मांडीवर घेऊन. शेजारी एक जोडपं होतं. बाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलेलं, पायाशी संत्र्यांची टोपली. गृहस्थांनी गठ्ठ्याकडे पाहून विचारलं, "यादीवाले तुमीच?" आणि एक संत्रं सोलून माझ्या हातात दिलं. हे नत्थुजी. लग्नाची बोलावणी बंद झाल्यापासून पोट फार चांगलं आहे, म्हणाले. आशाबाई खिडकीबाहेर बघत होत्या, माहेरी जाताना बायका बघतात तशा, पण ओठ घट्ट मिटून.

वडझिरीला चावडीवर मी अंक वाटले. रामरावांच्या कारभाऱ्यानं मोठ्यानं वाचायला घेतलं. पहिली दहा-वीस नावं लोक हसत ऐकत होते. पन्नासनंतर हसू थांबलं. मग गंमत अशी झाली की प्रत्येकाला कोणीतरी ओळखीचं भेटायला लागलं: अरे, हा तर माझ्या मावशीच्या गावचा, अरे, हा कापूस घेऊन येतो तो. रामराव ऐकत होते. कारभारी एका नावापाशी आला आणि गप्प झाला.

"वाच," रामराव म्हणाले.

त्यानं वाचलं नाही. वाचायची गरजही नव्हती, कारण आशाबाई तेवढ्यात चावडीवरून पुढे गेल्या होत्या. भावाच्या दारावरून गेल्या. भावजय तांब्या घेऊन दारात आली होती, तिच्याकडे बघून हसल्या, आणि थांबल्या नाहीत. मागून नत्थुजी टोपली घेऊन. सासरहून आलेली पाटलाची लेक आणि गावचा जावई श्रावणच्या ओसरीपुढे जाऊन उभे राहिले. तिथे बैल जुंपलेली दमणी आधीच उभी होती. श्रावणनं डोक्यावर टोपी घातलेली होती. केशरबाई ओसरीवर पान खात बसलेल्या.

शालू पाणी घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली. द्यावं की नाही? आशाबाईंनी हात पुढे केला, तांब्या घेतला, आणि सगळ्या गावादेखत पाणी प्यायल्या. अर्धं प्यायल्या आणि नवऱ्याला दिलं.

रामराव मागोमाग आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. आशे, घरी चाल, म्हणाले.

"दादा, मी पाव्हनी हाओ," आशाबाई म्हणाल्या. "जथी उतरली तथीच जेवीन. तुले बहिनीले भेटाचं अशीन तं वर ये, बस."

जावयावर हात टाकणं तर सोडाच, जावयाला उन्हात उभं ठेवणंही त्या गावात कोणी केलेलं नव्हतं. रामराव वर आले नाहीत. खालीही फार वेळ उभे राहिले नाहीत. श्रावणनं एकदा आशाबाईंकडे पाहिलं, एकदा माझ्या हातातल्या अंकाकडे, आणि मोतीरामचं नाव कुठं आहे ते विचारलं. दाखवलं. माझ्याखाली दुसऱ्याच क्रमांकावर होतं, मोठ्या टायपात. त्यानं टोपी काढून खुंटीला अडकवली आणि दमणीवाल्याला म्हणाला, "घेऊन जा बापा. मले कुठी जाचं नाई."

तीन वाजले तेव्हा आम्ही संत्री खात होतो. मला दोन फोडी आणि शालूच्या हातची अर्धी भाकर मिळाली. ठेचा तिनं आपण होऊन वाढला नाही.

निवडणूक श्रावण नऊ मतांनी हरला. पण त्याला पडलेली मतं त्यांच्या वस्तीतल्या मतांपेक्षा कितीतरी जास्त होती, आणि ती वरच्या गल्लीतून कुठून आली याचा तपास रामराव पुढची पाच वर्षं करत होते. 'बिनविरोध' हा शब्द वडझिरीत पुन्हा कोणी काढला नाही. मोतीराम सहा महिने घरी बसला; मग नत्थुजींच्या बागेत संत्र्यांच्या पेट्या भरायला लागला. माझी नोकरी गेली, ती दुसऱ्या साप्ताहिकात सापडली. पुढच्या निवडणुकीत श्रावण निवडून आला, त्याची बातमी मीच दिली. स्वतःच्या नावानं.

केशरबाईंना मी त्यानंतर भेटलो तो सदुसष्ट साली, अकोल्याला. जिनाच्या भिंतीच्या सावलीत जेवायला बसल्या होत्या. यादी आता डोक्यातही मावत नाही, म्हणाल्या. कुठून कुठून कार्डं येतात, वाचायला पोर शोधावी लागते. पाहुणे आता बुलढाण्यापर्यंत जात होते, आणि कोणी विचारायच्या आधी आपण होऊन नाव सांगत होते. ऐकून मला बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं. पाच वर्षं मनात जपलेलं वाक्य मी हळूच पुढं सरकवलं: म्हणजे केशरबाई, माझ्या त्या चुकीतून शेवटी चांगलंच झालं म्हणायचं.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"चूक तुमची व्हती," त्या म्हणाल्या, "चांगलं आमी केलं."